रंगांचा शेजार : इंद्रधनुष्य, लुगडी आणि भरतकामाचे दोरे

शाळेत पाठ केलेलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवून दुकानातून तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा अशा सात लड्या आणाव्यात. पांढऱ्या कापडावर साखळी टाक्यानं त्यांच्या सात ओळी एकीखाली एक घालाव्यात, कापड भिंतीला टाचावं आणि चार पावलं मागं सरून बघावं. इंद्रधनुष्य दिसत नाही. बालवाडीच्या फाटकावर रंगवतात तसे सात पट्टे दिसतात. माझ्या भरतकामाच्या वर्गात दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी हा प्रयोग करायला लावते आणि दरवर्षी कोणीतरी तोच प्रश्न विचारतं : “बाई, एकेक रंग तर चांगला आहे, मग एकत्र आले की भांडतात का?”

प्रश्न साधा वाटला तरी त्यात पैसा आणि वेळ गुंतलेला असतो. दोऱ्याची लडी स्वस्त असते, पण एका साडीवर कशिदा भरायला काही महिने जातात. आमच्याकडे ऑर्डरी घेणाऱ्या बायका घरचं आवरून दुपारच्या उजेडात दोन-तीन तास बसतात. पदर भरून झाला आणि गिऱ्हाइकानं “रंग जरा भडकच झाले, नाही?” म्हणून साडी परत केली तर मजुरी जाते आणि डोळ्यांचे श्रमही जातात. उसवावं म्हटलं तर रेशमावर सुईची भोकं राहतात. त्यामुळे दोरे निवडण्याचं काम टाका घालण्याइतकंच अभ्यासाचं आहे असं मी मानते. “तिला रंगांची दृष्टी आहे” असं आपण कौतुकानं म्हणतो, पण या दृष्टीतला बराचसा भाग सांगता येतो आणि शिकवताही येतो. तो सांगायचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात सात या आकड्यापासूनच करू. इंद्रधनुष्यात सात रंग असतात ही मोजणी निसर्गानं केलेली नाही, ती न्यूटननं केली. लोलकातून निघालेल्या पट्ट्यात आधी त्यानं लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे पाच ठळक रंग धरले होते. पुढे नारिंगी आणि इंडिगो हे दोन वाढवून त्यानं संख्या सात केली. स्वरसप्तकाशी मेळ बसावा हा त्यामागचा विचार होता आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पट्ट्याची विभागणी त्यानं खरोखरच स्वरांच्या अंतरांच्या प्रमाणात केली आहे. दोन रंगांच्या मधे अगणित छटा असतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं आणि ते त्यानं लिहूनही ठेवलं आहे. आपण छटा विसरलो आणि सात हा आकडा लक्षात ठेवला.

‘पारवा’ या शब्दानं तर आणखी घोटाळा केला. पारव्याचा, म्हणजे कबुतराचा रंग राखाडी निळा. तो इंद्रधनुष्यात कुठे असतो हा प्रश्न मला शाळेतही पडायचा. न्यूटन ज्याला निळा म्हणत होता त्याला आपण आज फिरोजी किंवा आकाशीच्या जवळचा रंग म्हणू आणि त्याच्या इंडिगोला सरळ निळा म्हणू, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. हे मान्य केलं की सात लड्यांचं दुखणं लगेच सापडतं. दुकानातल्या हिरव्यापासून शाईसारख्या निळ्यापर्यंत मोठी उडी आहे आणि त्यानंतर निळा, पारवा, जांभळा असे तीन गडद रंग एकमेकांना खेटून उभे आहेत. हिरव्या-निळ्याच्या मधला मोरपंखी गायब आहे. ‘पारवा’ची लडी परत देऊन तिच्या जागी मोरपंखी आणली तर त्याच सात ओळी निम्म्यानं शांत होतात. हे कोणीही घरी करून पाहावं.

आता आकाशातलं धनुष्य नीट बघू. सूर्य आपल्या पाठीशी आणि पाऊस समोर असतो. किरण थेंबात शिरताना वाकतो, आतल्या भिंतीवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. तांबडा रंग सुमारे ४२ अंशांच्या कोनातून आपल्याकडे येतो, जांभळा सुमारे ४० अंशांतून. म्हणजे सगळा खेळ जेमतेम दोन अंशांच्या पट्ट्यात होतो. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे प्रत्येक रंग थोडा पसरून शेजारच्यावर चढतो. खऱ्या इंद्रधनुष्यात रंगांमध्ये रेघ सापडत नाही याचं हे एक कारण आहे. प्रत्येक रंगात शेजाऱ्याचा अंश मिसळलेला असतो. थेंब मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठे असतील तर रंग खुलतात. धुक्याच्या बारीक थेंबांत मात्र हे मिसळणं इतकं वाढतं की धनुष्य जवळजवळ पांढरं दिसतं.

धनुष्याच्या आतल्या बाजूचं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ असतं. कधीकधी वरच्या अंगाला दुसरं, फिकं धनुष्य दिसतं. ते सुमारे ५१ अंशांवर असतं आणि त्यातला रंगांचा क्रम उलटा असतो. दोहोंच्या मधला आकाशाचा पट्टा काळपट दिसतो. इसवी सन २०० च्या सुमारास अफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरनं त्याचं वर्णन केलं म्हणून तो त्याच्या नावानं ओळखला जातो. भरतकाम करणाऱ्या बाईनं या सगळ्यातून एक गोष्ट टिपून ठेवावी. धनुष्य खुलतं ते मागच्या काळ्या-करड्या ढगामुळे. पांढऱ्या कापडावर ते खुलत नाही, कारण पिवळा तिथे हरवतो आणि जांभळा डाग पडल्यासारखा दिसतो. मी वर्गात सांगते की इंद्रधनुष्याचा आठवा दोरा राखाडी आहे. कापडाचा रंग बदलता येत नसेल तर निदान रंगांच्या मधे करड्या दोऱ्याची एक बारीक ओळ तरी घालावी.

दुसरी टिपायची गोष्ट म्हणजे उजळपणाचा क्रम. पिवळा सगळ्यांत उजळ असतो. त्याच्या एका बाजूला नारिंगी, तांबडा असे रंग पायरीपायरीनं गडद होतात आणि दुसऱ्या बाजूला हिरवा, निळा, जांभळा होतात. डोळ्याला या उताराची जन्माची सवय आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑग्डन रूड यानं १८७९ च्या आपल्या रंगशास्त्रावरच्या पुस्तकात याबद्दल चित्रकारांसाठी सविस्तर लिहिलं आहे. फिका जांभळा आणि गडद मोहरी-पिवळा शेजारी ठेवले की हा उतार उलटा होतो आणि रंग खटकतात. असं मुद्दाम खटकवताही येतं, मोराच्या डोळ्यात किंवा फुलाच्या गाभ्यात, पण चिमूटभरच.

आणि इंद्रधनुष्यात काय नसतं तेही पाहायला हवं. राणी रंग त्या पट्ट्यात नाही. तांबड्या आणि जांभळ्या टोकांचा प्रकाश एकत्र आला की डोळा राणी रंग बघतो, त्याची स्वतंत्र अशी तरंगलांबी नसते. न्यूटननं पट्ट्याची दोन्ही टोकं जोडून रंगांचं वर्तुळ केलं आणि तिथे या रंगाला जागा मिळाली. चॉकलेटीही नाही. मंद नारिंगीच्या सभोवती उजळ काही असलं की आपण त्याला चॉकलेटी म्हणतो. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, विटकरी, गव्हाळ, शेवाळी हे रंगही धनुष्यात शोधून सापडायचे नाहीत. आपल्या साड्यांचं कपाट नेमकं याच रंगांनी भरलेलं असतं. इंद्रधनुष्य फार तर क्रम शिकवील. बाकीचं शिकायला कापडाकडेच जावं लागतं.

कापड कसं वाचायचं? धूपछाव साडी घ्यावी. लांबून ती एका रंगाची वाटते, निरी हलली की दुसऱ्याच रंगाची होते. तिच्या कडेचे दोन उभे आणि दोन आडवे धागे ओढून पांढऱ्या कागदावर ठेवले की गुपित उघडं पडतं. ताणा एका रंगाचा असतो, बाणा दुसऱ्या. पैठणीतला मोरपंखी असा निळ्या-हिरव्याच्या विणीतून येतो. खणाच्या चोळीतही ताण्याबाण्याचे रंग वेगळे असल्यामुळे ती उन्हात वेगळी आणि घरात वेगळी दिसते. आपल्या आज्या-पणज्यांनी ‘रंगसंगती’ हा शब्द वापरला नसेल, पण गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा इरकलीच्या काठाला लावून त्या दुकानाच्या पायरीवर उन्हात उभ्या राहत असत.

दोऱ्यांची निवड मी इथूनच सुरू करते. साडीतून निघालेल्या ताण्याबाण्याच्या रंगांशी जुळणाऱ्या दोन लड्या आधी बाजूला काढते. बाकीचे रंग कोणतेही येवोत, हे दोघे घरचे. नक्षीत त्यांना थोडीशी जागा मिळाली तरी भरतकाम कापडावर चिकटवल्यासारखं न वाटता कापडातूनच उगवल्यासारखं वाटतं. तिसरी लडी काठातून घेते. इथवर आलं की अर्धं काम झालेलं असतं.

कापडातून दोरा घेण्याची ही कल्पना बंगालच्या कांथेत अगदी शब्दशः उतरलेली दिसते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या साड्या एकावर एक अंथरून त्या शिवायच्या आणि नक्षीसाठी त्याच साड्यांच्या काठांतून रंगीत धागे ओढून काढायचे अशी रीत होती. काठ तांबडे, निळे, काळे असायचे म्हणून जुन्या कांथेत तेच रंग भरतात. तीनच रंग, तेही एकाच घरातल्या कपड्यांचे आणि सारखेच विटलेले. त्या कांथा आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांचे रंग ‘सुसंवादी’ असल्याचं लिहिलं जातं. ते सुसंवादी असणारच, एकाच दोरीवर वर्षानुवर्षं वाळलेले रंग आहेत ते.

नैसर्गिक रंगांच्या काळात हा सुसंवाद आपोआप साधे. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा आणि हळद, पळस, डाळिंबाची साल यांतून निघणारे पिवळे. टिकाऊ हिरवा देणारी अशी एक वनस्पती रंगाऱ्याजवळ नव्हती. तो निळीत बुडवलेलं सूत पिवळ्यात बुडवून हिरवा काढायचा आणि तांबड्यावर नीळ चढवून जांभळा. म्हणजे कापडातला हिरवा हा त्याच कापडातल्या निळ्या-पिवळ्याचा मुलगा असायचा. दोन-तीन रांजणांतून सगळं गोत निघे आणि त्यांची चेहरेपट्टी जुळायची. १८५६ मध्ये लंडनमध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला कोलटारपासून जांभळा रंग मिळाला. १८६८-६९ मध्ये मंजिष्ठेतला मुख्य रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्यानंतर प्रत्येक रंग स्वतंत्रपणे जन्माला येऊ लागला. मी कृत्रिम रंगांच्या विरुद्ध मुळीच नाही. ते नसते तर माझ्या डब्यात शेकडो लड्या नसत्या आणि नळाच्या पाण्यात धुतलेलं भरतकाम टिकलंही नसतं. पण जे नातं पूर्वी रांजणात जुळायचं ते आता आपल्याला डोळ्यांनी जुळवावं लागतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

शेजारचा रंग नेमकं काय करतो हे पहिल्यांदा पद्धतशीर सांगितलं ते मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या सरकारी कारखान्यात १८२४ साली तो रंगविभागाचा प्रमुख झाला. काळा दोरा पुरेसा काळा येत नाही अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरूलनं दोरा तपासला, इतर ठिकाणच्या काळ्या दोऱ्यांशी ताडून पाहिला, तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा आणि जांभळा विणले जात होते आणि त्यांच्यामुळे काळा निस्तेज दिसत होता. पुढे अनेक वर्षं त्यानं रंगीत पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून निरीक्षणं केली आणि १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ७२ रंगांचं वर्तुळही त्यानं आखलं. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्यापासून दूर, आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, असं त्याच्या नियमाचं सार सांगता येईल. करडा दोरा तांबड्याशेजारी हिरवट भासतो आणि हिरव्याशेजारी गुलाबी. चित्रकारांनी हा ग्रंथ डोक्यावर घेतला. त्याचा जन्म मात्र दोऱ्यांच्या तक्रारीतून झाला, याचा मला शिवणकामाची शिक्षिका म्हणून थोडा अभिमान वाटतो.

कर्नाटकी कशिद्याला, म्हणजे धारवाड-बेळगाव भागातल्या कसुतीला हा नियम लावून पाहू. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंती म्हणजे जाऊन परत येणारी, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी ओळ, मुरगी पायऱ्यांसारखी, नेगी विणल्यासारखी, मेंथी हा फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा यांची नक्षी. वधूसाठी काळ्या चंद्रकळेवर कसुती भरण्याची प्रथा त्या भागात होती. त्या काळ्या जमिनीवर केशरी, तांबडा, हिरवा, पांढरा असे तेजस्वी रंग दिसतात आणि तरीही काम भडक वाटत नाही.

याचं उत्तर टाक्याच्या जाडीत आहे. गवंतीची ओळ एका धाग्याएवढी बारीक असते. इतक्या बारीक रेघेचा रंग डोळ्याला नीट कळत नाही, तिचा उजळपणा आधी कळतो. मंद दोरे वापरले तर ती जमिनीत विरून जाते. म्हणून कसुतीला तेजस्वी रंगच लागतात. तोच केशरी दोरा घेऊन साटीन टाक्यानं रुपयाएवढं पान भरलं तर साडीभर दुसरं काही दिसणार नाही. त्यामुळे “हा रंग भडक आहे का?” या प्रश्नाला मी नेहमी उलट विचारते, “किती जागेत घालणार आहेस?” लडीतला रंग आणि कापडावरच्या एका पदराचा रंगही सारखा नसतो. लडीत तो गच्च दिसतो, कापडावर मधून जमीन डोकावते. सहापदरी दोऱ्यातला एकच पदर वापरायचा असेल तर मी एक पायरी गडद लडी घेते. जमीन काळी असेल तर एक पायरी उजळ.

तांबडं-हिरवं ही आपली सर्वांत आवडती आणि सर्वांत अवघड जोडी. दोन्हींचा उजळपणा सारखा असला की कडा थरथरल्यासारख्या दिसतात. पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, वेली यांत हे सगळे रंग एकत्र नांदतात ते जरीच्या जमिनीमुळे. सोनं प्रत्येक दोन रंगांच्या मधे बसून तंटा मिटवतं. भरतकामात जर नको असेल तर हे काम पांढऱ्या, काळ्या किंवा जमिनीच्या रंगाच्या बाह्यरेषेनं होतं. तेही नको असेल तर दोहोंपैकी एकाला बराच उजळ करावं. पोपटी आणि डाळिंबी भांडत नाहीत, बाटलीचा हिरवा आणि डाळिंबी भांडतात. एका सुईत तांबड्याचा एक आणि हिरव्याचा एक पदर ओवून मधला रंग काढायचा मोह मात्र टाळावा. लांबून मातकट करडा तेवढा दिसतो. असे दोन पदर एकत्र करायचे तर वर्तुळातले शेजारी घ्यावेत, केशरी आणि पिवळा किंवा मोरपंखी आणि निळा.

पंजाबच्या फुलकारीनं आणखी वेगळा धडा दिला आहे. मंजिष्ठी तांबड्या-तपकिरी खादीवर पट नावाचा न पिळलेला रेशमी दोरा, उलट्या बाजूनं धागे मोजत भरायचा. एकाच सोनेरी पिवळ्या दोऱ्यानं काही चौकटी आडव्या भरायच्या, काही उभ्या. उजेड दोन्हींवरून वेगवेगळा परततो आणि एका लडीतून दोन छटा मिळतात. कापड पूर्ण झाकून टाकणाऱ्या प्रकाराला बाग म्हणतात. त्यात पाच रंगांचा पंचरंगा आणि सात रंगांचा सतरंगा असेही बाग असतात. हे सतरंगे बाग इंद्रधनुष्याची आठवण करून देतात, पण त्यांत तांबडी जमीन सगळीकडे बारीक रेघांनी डोकावत असते आणि पटाची चकाकी सर्व रंगांवर सारखीच असते. या दोन गोष्टी साऱ्या रंगांना बांधून ठेवतात. सुती दोऱ्यातही थोडी चकाकी असते. जॉन मर्सरनं १८४४ मध्ये सूत कॉस्टिक सोड्यात बुडवण्याची प्रक्रिया शोधली आणि १८९० च्या सुमारास होरेस लो यानं तेच सूत ताणून धरलं तर चमकतं हे दाखवलं. मर्सराइझ केलेला दोरा म्हणतात तो हाच. त्यामुळे पाकळ्या भरताना टाक्याची दिशा बदलली तर एक लडी वाचते, आणि एका नक्षीत रेशीम, साधं सूत आणि चमकीचा दोरा मिसळले तर रंग जुळूनही काम फाटल्यासारखं दिसतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. समजा मोरपंखी इरकल आहे, ताणा निळा, बाणा हिरवा, काठ डाळिंबी आणि पदरावर गोपुर-रथ भरायचे आहेत. पहिली ओढ काठातल्या डाळिंबी दोऱ्याकडे जाते. पण मोरपंखी आणि डाळिंबी यांचा उजळपणा जवळजवळ सारखा, म्हणून गवंतीच्या बारीक रेघेत डाळिंबी बुडतो. त्याला नेगीच्या भरीव जागा द्याव्यात आणि रेघांसाठी त्याचाच उजळ भाऊ, शेंदरी, घ्यावा. गोपुराची मुख्य बांधणी हळदीच्या पिवळ्यात करावी. लिंबू रंगात हिरवी झाक असते आणि ती जमिनीशी सलगी करते, म्हणून तो इथे नको. पिवळ्या-शेंदरीच्या मधे केशरी आला की धनुष्याचा अर्धा उतार तयार झाला. दुसरा अर्धा जमिनीतच आहे, तो पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. बाण्याच्या हिरव्याची उजळ बहीण म्हणून पोपटी तुळशीसाठी. शुभ्र पांढरा अशा गडद जमिनीवर खडूसारखा उठतो, त्याऐवजी मोतिया. जांभळा वगळावा. जमिनीच्या निळ्याशी त्याची शीव इतकी जवळ आहे की त्याच्यावर घातलेले टाके वाया जातात. तरी हौस असेल तर अबोलीचे चार ठिपके हत्तीच्या झुलीवर. सात लड्या झाल्या, पण वापर सारखा नाही. निम्मं काम पिवळा आणि केशरी करतील, अबोलीचा एक हात दोरा पुरेल.

हे ठरवल्यावर लगेच सुई ओवू नये. जाड कागदाच्या पट्टीवर दोरे शेजारी-शेजारी गुंडाळावेत, ज्याचा वापर जास्त त्याचे वेढे जास्त. पट्टी प्रत्यक्ष कापडावर ठेवून डोळे अर्धवट मिटून बघावं, म्हणजे रंग मागे पडतात आणि उजळ-गडद पुढे येतं. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला तर हेच आणखी स्पष्ट होतं. फोटोत दोन दोरे एकाच करड्या रंगाचे दिसले तर ते एका आकृतीत शेजारी येऊ देऊ नयेत.

उजेड दिवसाचाच हवा. साडीच्या दुकानातून साडी बाहेर उन्हात नेऊन बघणाऱ्या बायकांना काउंटरवरचे लोक हसतात, पण शास्त्र बायकांच्या बाजूनं आहे. दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेले दोरे ट्यूबच्या उजेडात अगदी एक दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. संध्याकाळी तर निवड करूच नये. उजेड मंदावला की तांबडे काळवंडतात आणि निळे-हिरवे तुलनेनं उजळ दिसू लागतात, असं १९व्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं नोंदवलं आहे. स्क्रीनवर पाहून दोरे मागवण्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, दोरा उजेड परतवतो. चकाकी आणि टाक्याची दिशा पडद्यावर येतच नाहीत. तयार किटमधले रंग कुणीतरी पांढऱ्या कापडासाठी निवडलेले असतात, ते आपल्या इरकलीवर तसेच बसतील असं समजू नये. मात्र लडीवरचा क्रमांक जपून ठेवावा आणि लागतील त्या लड्या एकदमच घ्याव्यात, कारण त्याच क्रमांकाच्या पुढच्या घाण्यात किंचित फरक येऊ शकतो.

शेवटची परीक्षा पाण्याची. तांबडे, राणी, काळे आणि गडद निळे दोरे हातभर कापून ओल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवावेत. मिठाच्या पाण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण दोऱ्यात राहिलेला जादा रंग त्यानं पक्का होत नाही. कापडाला डाग लागला तर ती लडी सोडवून, सैल बांधून, पाणी निवळ येईपर्यंत थंड पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी. मग तिला पुन्हा पट्टीवर शेजाऱ्यांजवळ गुंडाळून बघावं. धुतलेला तांबडा कधी एक पायरी उतरलेला असतो, आणि तसं झालं असेल तर मधल्या केशरीची गरज उरली आहे का, हे नव्यानं ठरवावं लागतं.